रायफलच्या क्विक कनेक्टरमधून हवा गळतेय, निपल झिजलंय. लेथवर नवीन करून घेऊ का?

जुळे_सोलापूर_बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, १० मीटर एअर रायफल खेळते. क्लबमध्ये दोन पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफली आहेत, सगळी पोरं आळीपाळीने त्याच वापरतात, आणि एक मोठी स्कुबा टाकी आहे जिच्यावरून होज लावून २०० बारपर्यंत हवा भरतात. होजच्या टोकाला ते स्लीव्ह मागं ओढून लावायचं क्विक कनेक्टर आहे, आणि रायफलवर त्याचं नर निपल.

गेल्या काही आठवड्यांपासून एका रायफलला हवा भरताना सूं सूं आवाज यायलाय. आधी १८० च्या पुढं गेल्यावर यायचा, आता १२० लाच सुरू होतो. कनेक्टर हातानं जरा तिरका दाबून धरला की आवाज थांबतो, म्हणून पोरं तसंच दाबून धरून भरतात, आणि हेच बघून मला भीती वाटायला लागली. मी निपल कापडानं पुसून नीट बघितलं तर जिथं कनेक्टरमधले पकड धरणारे बारके स्टीलचे छर्रे (बंदुकीतले नव्हे) बसतात त्या खाचेची एक कड चकचकीत झालीय आणि नखाला लागण्याइतकी गोल झालीय. दुसऱ्या रायफलचं निपल असं नाही, त्याची कड अजून टोकदार आहे.

क्लबच्या सरांशी बोललो. त्यांचं म्हणणं अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीचा लेथवाला आहे, नमुना दिला की तासाभरात हुबेहूब करून देईल. बाहेरून मागवायचं तर दिवस लागतात आणि पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. आपल्या सोलापुरात लूमचा कुठलाही पार्ट लेथवर होतो, ते मला माहितीय, माझा स्वतःचा टॉवेलचा धंदा आहे. पण इथं २०० बार आहे आणि शेजारी लहान पोरं उभी असतात, म्हणून विचारतोय.

दुसरी गोष्ट. मुलीसाठी एक जुनी जर्मन मॅच रायफल बघितलीय, सिलिंडर काढता येणारी. सिलिंडरवर २०१२ कोरलंय. विकणारा म्हणतो हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) करून घ्या, चालतंय. चालतंय का खरंच?

एमआयडीसी_हायड्रॉलिक

भाऊ, पहिल्यांदा एक काम करा, ती रायफल आजपासून भरणं बंद. दाबून धरून भरणं तर अजिबात नको. का ते सांगतो, जरा मोठं होईल.

मी हायड्रॉलिक होज आणि फिटिंगच्या कामात आहे, वरून एअर रायफलचा नाद आहे, त्यामुळं दोन्हीकडचं बोलतो. २०० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोच्या वर जोर. कनेक्टरच्या आत जिथं ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, सील करते तो गोल ८ मिमी व्यासाचा धरा, क्षेत्रफळ येतं अर्ध्या चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे भरताना कनेक्टरला निपलवरून मागं ढकलणारा जोर झाला साधारण १०० किलो. हे १०० किलो कोण धरून ठेवतं? ते बारके स्टीलचे छर्रे आणि त्या खाचेची ती एक कड. बाकी कुणी नाही. स्लीव्ह फक्त छर्र्यांना बाहेर जाऊ देत नाही एवढंच तिचं काम. आता ती कड गोल झाली की छर्रा सरळ भिंतीला टेकायच्या ऐवजी उतारावर टेकतो, आणि उतारावर टेकलेला छर्रा बाहेर सरकायला बघतो, स्लीव्हला आतून ढकलतो. म्हणजे झीज जसजशी वाढते तसतशी पुढची झीज जास्त वेगानं होते. तुमचा आवाज १८० वरनं १२० वर आला ते त्याचमुळं असावं, कनेक्टर निपलवर नीट मध्यात बसत नाही, कलंडतो, आणि ओ-रिंगला एका बाजूला फट मिळते. तिरकं दाबलं की फट बुजते, आवाज बंद. पण आवाज बंद झाला म्हणजे पकड सुधारली असं नाही, पकड तितकीच वाईट आहे, आणि आता वरून पोराचा हात नेमका तिथंच आहे जिथनं कनेक्टर सुटला तर उडणार.

सुटल्यावर काय होतं ते मी कारखान्यात बघितलंय, हवेचं नाही पण त्याच जातीचं. तेलाच्या लाइनमध्ये दाब एकदम उतरतो कारण तेल दबत नाही. हवा दबलेली असते, ती पसरत राहते, होज चाबकासारखी फिरते आणि तिच्या टोकाला लोखंडाचा कनेक्टर असतो. डोळा, दात, बोटं, जे वाटेत येईल ते. आणि गळती बोटानं चाचपून बघायची नाही, बारीक भोकातून इतक्या दाबाची हवा कातडीखाली शिरू शकते, वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आतून हात सुजतो, ते थेट हॉस्पिटलचं काम असतं.

आता लेथचं. तुमचा लेथवाला मापाला चुकणार नाही, सोलापूरच्या टर्नरच्या हाताबद्दल मला शंकाच नाही. प्रश्न तीन ठिकाणी आहे. एक म्हणजे धातू. त्याच्या कोपऱ्यात जी सळई पडलेली असेल त्यातनं तो करणार, बहुतेक माइल्ड स्टील नाहीतर पितळ. मूळ निपल कडक केलेलं असतं, कारण समोर छर्रे कडक आहेत, मऊ धातूवर कडक छर्रा रोज १०० किलोनं दाबला की तो आपली जागा स्वतः कोरून घेतो. म्हणजे तुम्ही झिजलेलं काढून त्याच्यापेक्षा लवकर झिजणारं बसवाल. दुसरं, नमुना. नमुना म्हणून देणार काय, तर तेच झिजलेलं निपल! तो त्याचं माप घेणार आणि झिजलेल्या मापाचं नवीन करून देणार.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात वाईट, आटे. या गनवर बहुतेक ठिकाणी एक-अष्टमांश बीएसपी, म्हणजे इंची मापाचे ब्रिटिश आटे असतात, काही ठिकाणी एम १० बाय १, म्हणजे मिलिमीटरवाले असतात. बीएसपीचा बाहेरचा व्यास ९.७३ मिमी आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.९०७, एम १० चा व्यास १० आणि पिच १. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. बीएसपीचं निपल एम १० च्या भोकात दोनचार फेरे आरामात जातं, मग अडकतं, आणि माणूस म्हणतो घट्ट बसलं. बसलेलं नसतं, दोनतीन आट्यांच्या टोकावर लटकलेलं असतं. त्यात अमेरिकन एनपीटी आणखी निराळे, ते निमुळते असतात, २७ आटे इंचाला, बीएसपीला २८. पिच गेज लावल्याशिवाय कुणी काही सांगत असेल तर ऐकू नका. आणि निपल सुटून उडालं तर ते गोळीच असते, त्याला होजसुद्धा बांधलेली नसते.

म्हणून सरळ तयार, दाब छापलेलं, स्टेनलेसचं कडक निपल आणा, आणि कनेक्टरपण त्याच वेळी बदला. झिजलेल्या कनेक्टरला नवीन निपल लावलं तर जुने छर्रे नव्याला खातात. दोन्ही मिळून खर्च रायफलच्या किमतीपुढं काहीच नाही.

पार्क_मैदान_७७

काका एवढं घाबरवू नका हो. आमच्याकडं लेथवरचंच निपल आहे कितीतरी दिवसांपासून, काही झालेलं नाही. दर वेळी बाहेरून मागवत बसलं तर पोरांचा सराव कधी व्हायचा? ज्याच्याकडनं करून घेताय त्याला ईएन ८ वापर म्हणून सांगा आणि टेफ्लॉन टेप दोन वेढे मारून घट्ट आवळा. गळत असेल तर अजून एक पाव फेरा. एवढं सोपं आहे. हातपंपानं भरलं तर दाब हळू वाढतो, धोकापण कमी.

एमआयडीसी_हायड्रॉलिक

दादा, तुमचं निपल टिकलंय यात मला आनंदच आहे, पण आज संध्याकाळी त्याची खाच भिंग घेऊन बघा एवढी विनंती. ईएन ८ चांगलं पोलाद आहे पण नुसतं फिरवून वापरलं तर ते कडक नसतं, त्याला पाणी द्यावं लागतं, आणि पाणी दिल्यावर माप हलतं, मग ग्राइंडिंग आलं. हे सगळं कुणी एका निपलसाठी करत नाही.

टेफ्लॉन टेपचं मात्र सोडून देऊ शकत नाही. बीएसपीचे समांतर आटे सील करतच नाहीत, सील करतो तो खालचा वॉशर, धातूच्या कड्यात रबर बसवलेला, ज्याला आपण डाउटी वॉशर म्हणतो, नाहीतर बुडाला ओ-रिंग. समांतर आट्यांवर टेप मारली की फक्त फिरवताना घट्ट लागतं, आणि तिचे तुकडे सुटून नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा परत येऊ न देणाऱ्या झडपेच्या, सीटवर जाऊन बसतात. मग रायफल आतून गळायला लागते आणि तुम्ही बाहेर शोधत बसता. आणि गळतंय म्हणून पाव फेरा अजून, हे हवा आत असताना कधी म्हणजे कधी करायचं नाही. दाबाखाली असलेल्या आट्याला पाना लावायचाच नाही. आधी पूर्ण हवा काढा, गेज शून्य दाखवतोय यावर विसंबू नका, रिकामं झालंय याची खात्री करा, मग पाना.

हातपंपाचं म्हणाल तर दाब हळू वाढतो हे खरं, पण २०० बार हा २०० बारच असतो, निपलला काय माहीत हवा कुठनं आली. उलट पंपानं दमट हवा जास्त जाते.

कोच_ताई_सोला

वरचं सगळं वाचलं, हायड्रॉलिक दादांचं बरोबर आहे. मी पोरांना शिकवते, त्यामुळं भरण्याच्या पद्धतीवर लिहिते, कारण माझ्या अनुभवात फिटिंग जितकं वापरानं झिजतं त्याच्यापेक्षा जास्त ते चुकीच्या पद्धतीनं काढण्या-लावण्यानं झिजतं.

बाबा, तुमच्या क्लबमध्ये एक गोष्ट बघा: हवा भरून झाल्यावर पोरं टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून ब्लीड स्क्रू उघडून होजमधली हवा सोडतात का, की तशीच स्लीव्ह जोर लावून मागं ओढतात? बऱ्याच ठिकाणी घाईत दुसरंच चालतं. होजमध्ये दाब असताना स्लीव्ह ओढली की छर्रे कडेवरून घासत बाहेर येतात, आणि तुम्ही सांगितलीय ती चकचकीत गोल कड तशीच तयार होते. क्रम असा की टाकी बंद, ब्लीड उघड, फुस्स आवाज पूर्ण थांबू दे, होज हाताला मऊ लागली की मग स्लीव्ह. ब्लीड स्क्रूपण पान्यानं आवळायचा नाही, बोटांनीच, तो आवळून आवळून त्याची सीट खराब होते आणि मग तोच गळतो.

आणि टाकीचा व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. खूप सावकाश. याला दोन कारणं आहेत. हवा एकदम दाबली गेली की गरम होते, १ बारवरून २०० बारला एका झटक्यात गेली तर हिशोबानं तापमान हजार अंशांच्याही वर जातं. प्रत्यक्षात धातू लगेच उष्णता ओढून घेतो म्हणून आपल्याला जाणवत नाही, पण त्या क्षणी तिथं तेलाचा थेंब असेल तर तो पेट घेऊ शकतो, डिझेल इंजिनात जे होतं तेच. म्हणून भरण्याच्या बाजूला, म्हणजे निपल, कनेक्टर, होज, व्हॉल्व्ह, यात कुठलंही पेट्रोलियम तेल लावायचं नाही. शिलाई मशीनचं तेल नाही, लूमचं स्पिंडल ऑइल नाही, गंज काढायचा स्प्रे नाही. बाबांचा लूमचा धंदा आहे म्हणून मुद्दाम लिहितेय, आपल्या गावात तेलाची कुपी हाताशी असते आणि कडक बसलेल्या कनेक्टरला कुणीतरी प्रेमानं दोन थेंब सोडतं. ओ-रिंगला लावायचं ते फक्त शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेपण बोटाला लागेल न लागेल इतकं.

ओ-रिंगबद्दल. कनेक्टरच्या आतली ओ-रिंग ही बदलायचीच वस्तू आहे, ती फाटायची वाट बघायची नसते. काढून उजेडात धरा. एका बाजूनं कुरतडल्यासारखी दिसली तर ती फटीत दाबली जातेय, म्हणजे फट मोठी झालीय, म्हणजे पुन्हा तीच झीज. चपटी झाली असेल तर जुनी झालीय. अंगावर बारीक फोड दिसले तर हवा रबरात मुरली आणि दाब झटक्यात सोडल्यावर ती आतून फुगून बाहेर आली. ब्लीड धाडकन उघडू नका असं मी सांगते ते त्यासाठीही. साध्या एनबीआर (नायट्राइल रबर) ७० पेक्षा ९० कडकपणाची एनबीआर किंवा पॉलियुरेथेनची रिंग या दाबाला बरी टिकते, पण माप मात्र तेच हवं, रबराच्या दुकानातली अंदाजे बसणारी नको. तुमच्या रायफलला नुसती ओ-रिंग बदलून कदाचित आवाज थांबेलही, तरी त्या निपलवर समाधान मानू नका, कड गोल झालीय ती रिंगनं भरून येत नाही.

धुळीसाठी टोपी. निपलवर रबरी टोपी येते, ती पहिल्या आठवड्यात हरवते. आपल्याकडं उन्हाळ्यात वारं सुटलं की काय धूळ असते ते सगळ्यांना माहितीय, रेंजवर पत्रा आहे आणि खाली फुफाटा. वाळूचा एक कण सीटवर बसला की नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेला समजा. टोपी नसेल तर स्वच्छ फडक्यानं पुसल्याशिवाय कनेक्टर लावायचा नाही, हा आमच्याकडं नियम आहे.

आणि ऊन. भरलेली रायफल किंवा टाकी मे महिन्यात बंद गाडीत ठेवून सात रस्त्याला चहाला थांबायचं नाही. ३० अंशाला २०० बार भरलेली हवा ६० अंशाला २२० बारच्या आसपास जाते, साधं गणित आहे, आणि बंद गाडीत ६० व्हायला सोलापूरच्या उन्हाला फार वेळ लागत नाही. सिलिंडर एवढ्यानं फुटेल असं मी म्हणत नाही, त्याला चाचणी जास्त दाबाची असते, पण सगळ्यात आधी जे आधीच झिजलंय ते हार मानतं.

सिलिंडरच्या तारखेचं वेगळं लिहिते, थोडं थांबा, पोरं आलीत.

अकलूज_एअर

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्याकडं स्कुबा टाकी भरून मिळत नाही, पुण्याला पाठवावी लागते. वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनचे सिलिंडर सहज मिळतात, १५० बार तरी असतात. अ‍ॅडाप्टर करून त्यावरून भरलं तर? हवेतपण ऑक्सिजन असतोच की.

एमआयडीसी_हायड्रॉलिक

नाही. नाही. आणि परत एकदा नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवा.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के. शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली आला की ग्रीस, रबर, ओ-रिंग, आणि पेटायला ठिणगी मिळाली तर अॅल्युमिनियमसुद्धा जळतं. तुमच्या रायफलच्या आत हातोडी व्हॉल्व्हवर आपटते, आत ग्रीस आहे, रबर आहे. म्हणजे पेटायला जे जे लागतं ते सगळं एका नळीत, आणि ती नळी पोराच्या गालाला टेकलेली. अशानं माणसं मेलीत जगात. अ‍ॅडाप्टर मागायला तुम्ही फिटिंगवाल्याकडं गेलात आणि त्यानं करून दिला तर त्या दुकानात परत जाऊ नका. गॅसच्या सिलिंडरना आटे वेगवेगळे ठेवतात ते चुकून एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणूनच, ते अ‍ॅडाप्टरनं मोडायचं नसतं.

पुण्याला टाकी पाठवणं त्रासाचं आहे हे मान्य. दोनतीन क्लब मिळून एका गाडीत टाक्या पाठवा, नाहीतर चांगला हातपंप घ्या ज्यावर पाणी अडवायचा फिल्टर आहे, आणि पावसाळ्यात तो फिल्टर वरचेवर बदला.

अकलूज_एअर

समजलं काका. बरं झालं विचारलं, इथं एकजण अ‍ॅडाप्टर करून घ्यायच्या बेतात होता, आत्ताच फोन करतो त्याला.

कोच_ताई_सोला

हे वाचून अंगावर काटा आला. फोन नक्की करा.

बाबा, तुमच्या २०१२ च्या सिलिंडरचं. माझं मत स्पष्ट आहे, ती रायफल घ्यायची असेल तर सिलिंडरची किंमत शून्य धरून भाव करा आणि नवीन सिलिंडर घ्या. मॅच रायफलच्या या सिलिंडरना बनवणाऱ्या कंपन्या साधारण १० वर्षांची मुदत देतात, आणि मुदत झाल्यावर काय करायचं ते त्या त्या कंपनीचं मॅन्युअल सांगतं, विकणारा नाही. सिलिंडरच्या अंगावर बघा, बनवल्याची तारीख, पीएस २०० बार म्हणजे भरायचा जास्तीत जास्त दाब, आणि पीटी ३०० बार म्हणजे चाचणीचा दाब असं कोरलेलं असतं. पीटीचा आकडा बघून ३०० पर्यंत भरता येतं असं समजणारे लोक मी पाहिलेत, म्हणून सांगतेय, तो आकडा भरण्यासाठी नाही.

मुदत का असते तर अॅल्युमिनियम थकतं. पोलादाला ठरावीक ताणाच्या खाली ठेवलं तर ते कितीही वेळा भरा-रिकामं करा सहन करतं, अॅल्युमिनियमला तशी सुरक्षित मर्यादा नसते, प्रत्येक भरण्याचा हिशोब कुठंतरी लिहिला जातो. ते बाहेरून दिसत नाही. पट्टीचा खेळाडू दिवसाआड भरतो, दहा वर्षांत किती वेळा झालं बघा.

आणि स्पर्धेच्या दृष्टीनं पण महत्त्वाचं, आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात सिलिंडर मुदतीत आहे याची जबाबदारी खेळाडूवर टाकलीय. उपकरण तपासणीला तारीख बघितली आणि उलटलेली निघाली तर पोरगी तिथं रडत बसेल. आपल्या बाजूची पोरं आता कुठं पोचलीत बघा, कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेऊन आला, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला १० मीटरचा जगज्जेता झाला. आपल्या पोरी पण जातील तिथंपर्यंत, पण जुन्या सिलिंडरपायी तपासणीच्या टेबलावर अडकायला नको.

एमआयडीसी_हायड्रॉलिक

ताईंच्या म्हणण्यात थोडी भर. क्लबची मोठी टाकीपण बघा. तिच्या खांद्यावर शेवटच्या हायड्रो टेस्टची तारीख ठोकलेली असते. आपल्या देशात हे सगळं गॅस सिलिंडर नियम २०१६ खाली येतं आणि ते बघणारी पेसो ही संस्था नागपूरला आहे, टेस्ट त्यांची मान्यता असलेल्या केंद्रातूनच करायची. सीएनजी गाडीवाल्यांना हे माहीत असतं, त्यांचा सिलिंडरपण २०० बारचाच आणि दर ३ वर्षांनी टेस्ट लागते. आपण शूटिंगवाले मात्र टाकी कोपऱ्यात उभी करून विसरतो.

टाकी अॅल्युमिनियमची आणि फार जुनी असेल, १९८० च्या दशकातली किंवा त्याआधीची, तर मिश्रधातू कुठला ते शोधा. त्या काळात ६३५१ नावाचा मिश्रधातू वापरायचे, त्याच्या मानेच्या आट्यांत सततच्या दाबानं तडे जायचे हे नंतर कळलं, मग ६०६१ कडं वळले. अशी टाकी असेल तर ती ठेवायची नाही.

अजून एक, टाकीच्या व्हॉल्व्हवर डीआयएन २०० आणि डीआयएन ३०० (जर्मन मापाचे जोड, आकडा बारचा) असे दोन प्रकार येतात. ३०० च्या नर भागाला आटे सात, २०० च्या भागाला पाच. ३०० चा व्हॉल्व्ह खोल केलेला असतो, त्यात २०० चा कनेक्टर लावला तर तो बुडापर्यंत पोचत नाही, ओ-रिंग टेकत नाही, हवा गळत राहते. गळतंय म्हणून जोर लावू नका, ते मुद्दामच तसं बनवलंय, कमी दाबाचा माल जास्त दाबाच्या टाकीला लागू नये म्हणून.

जुळे_सोलापूर_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी क्लबवर गेलो, सरांना हे सगळं मोबाइलवर वाचून दाखवलं. ते आधी जरा नाराज झाले पण भिंगातून निपल बघितल्यावर स्वतःच म्हणाले ही रायफल बाजूला ठेवा.

रिकामी केल्यावर निपल काढलं. बुडाला वॉशर होता पण वरून टेफ्लॉन टेपपण मारलेली, तिच्या दोऱ्या निघाल्या आतनं. पिच गेज माझ्या कारखान्यातलाच नेला होता, बीएसपी लावला तर बसला, एम १० चा नीट बसत नव्हता. कनेक्टर उलटा करून आत टॉर्च मारली तर ओ-रिंग एका बाजूला कुरतडलेली, ताईंनी लिहिलं होतं अगदी तशी. दुसऱ्या रायफलला तोच कनेक्टर लागतो म्हणून तोपण बंद केलाय, नवीन येईपर्यंत पोरं ड्राय प्रॅक्टिस (गोळी न झाडता सराव) करतील, सर म्हणाले त्यानं ट्रिगर सुधारेल.

निपल, कनेक्टर आणि होज तिन्ही मागवलंय. होज का, तर कनेक्टरच्या गळ्याशी ती एके ठिकाणी मोडल्यासारखी वाकलीय आणि वरच्या आवरणाला बारीक चिरा आहेत. ती ठेवावी असं वाटेना.

जर्मन रायफलवाल्याला फोन केला, सिलिंडर सोडून भाव सांगा म्हटलं. विचार करतो म्हणाला. नाही दिली तर नाही दिली.

एक शंका राहिली. नवीन आल्यावर पहिल्यांदा भरताना काय काय बघायचं? आणि जुनं निपल फेकून द्यायचं की ठेवायचं?

एमआयडीसी_हायड्रॉलिक

होज बदलताय ते उत्तम, मी सांगणारच होतो. मोडलेली होज बाहेरून बरी दिसली तरी आतली नळी तिथंच चिरते.

पहिल्यांदा भरताना पोरांना आत थांबवा. चष्मा घाला, साधा वेल्डिंगच्या दुकानातला पारदर्शक चालतो. होज टाकीला दोरीनं किंवा पट्ट्यानं बांधून ठेवा म्हणजे सुटली तरी फिरणार नाही. तुम्ही निपलच्या समोरच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला. ५० बारला थांबा, टाकी बंद करा, दहा मिनिटं गेज बघा. भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशनं जोडांवर लावा, बुडबुडा येतो का बघा, नंतर ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करा. गरम हवा थंड होताना गेज थोडा खाली येणारच, त्याला गळती समजू नका, पण एकदा थांबल्यावर तो थांबलेलाच राहिला पाहिजे. मग १००, परत तसंच, मग १५०, मग २००. बुडबुडा दिसला तर हवा काढून मगच हात लावायचा.

जुनं निपल फेकू नका, पण कुणाच्या हाती लागून परत बसणार नाही असं करा. करवतीनं आट्याच्या जवळ अर्धं कापा. मग ते रेंजवर भिंतीला लावा, पोरांना दाखवायला, नवीन निपलच्या शेजारी.

कोच_ताई_सोला

आणि बाबा, भरायचं काम एका ठरलेल्या मोठ्या माणसाकडं द्या. वहीत लिहायचं: तारीख, कुठली रायफल, किती बारला थांबवलं, ओ-रिंग कधी बदलली. आम्ही ओ-रिंगचं पाकीट आणि सिलिंडरच्या तारखांचा कागद टाकीच्याच पेटीत ठेवतो. नवीन कनेक्टर आला की त्याच्या ओ-रिंगचं माप व्हर्निअरनं घेऊन ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आतला व्यास आणि जाडी दोन्ही, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात जुनी चपटी रिंग घेऊन अशी द्या म्हणायची वेळ येणार नाही. मुलीला स्पर्धेसाठी शुभेच्छा सांगा.